सामानासकट नकाशा मागा

मुंबईत पुनर्वसनाच्या घराचं मोजमाप एकाच आकड्यात होतं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत तो आधी 225 चौरस फूट होता, मग 269 झाला आणि 2018 ची विकास नियंत्रण नियमावली आल्यापासून 300 आहे. बीडीडी चाळींत 160 फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 फुटांचं घर ठरलं आणि 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांच्या हातात चाव्याही पडल्या. सभा, मोर्चे, करारनामे, सगळीकडे ओढाताण या आकड्यावरून. ती रास्तच आहे, माणसांना जागा हवीच. पण ताबा मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात वेगळ्याच अडचणी पुढे येतात. दिवाण कुठल्याच भिंतीला बसत नाही, कपाट उघडलं की बाथरूमचं दार अडतं, फ्रिजसाठी हॉलमधून वायर ओढावी लागते, ओले कपडे पंख्याखाली खुर्च्यांवर टाकावे लागतात. या अडचणींचा क्षेत्रफळाशी फारसा संबंध नसतो. दारं कुठे काढली, सलग भिंत किती उरली, खिडकी कुणाच्या तोंडावर उघडते, यावर त्या ठरतात.

मग सुतार येतो, पीओपीवाला येतो, घडीच्या फर्निचरचे व्हिडिओ पाहिले जातात आणि नकाशातली चूक झाकायला दोन-तीन लाख रुपये जातात. लहान घर कमी पैशात देखणं करायचं तर सुरुवात नकाशापासून व्हायला हवी. पुनर्विकासात जाणाऱ्या प्रत्येक सोसायटीने पलंग, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, वाळत घातलेले कपडे असं सगळं मापात काढलेला नकाशा सहीआधी मागावा, आणि 30 चौरस मीटरपर्यंतच्या घरांसाठी सरकारने तो मंजुरीच्या कागदांत सक्तीचा करावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी दारांचा हिशेब करू. 3 फुटांचं दार उघडताना पाव वर्तुळाची जागा घेतं, म्हणजे साधारण 7 चौरस फूट. अडीच फुटांचं दार जवळपास 5. मुख्य दार, बेडरूमचं दार, बाथरूम आणि संडास अशी चार दारं धरली तर 24 चौरस फूट जमिनीवर काहीही ठेवता येत नाही. 269 वरून 300 वर जाताना मिळालेल्या वाढीचा तीन चतुर्थांश भाग होईल एवढी ही जमीन आहे. यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. बाथरूम आणि संडासाची दारं एकाच चौकात उघडतील अशी लावली तर दोघांची जागा एकमेकांत मिसळते. बेडरूमला बाहेरून सरकणारं दार लावता येतं, मात्र ते ज्या भिंतीवर सरकणार ती दाराच्या रुंदीइतकी मोकळी हवी आणि तिथे स्विचबोर्ड नको. हे कागदावर करायला रबर आणि पेन्सिल पुरते. बांधून झाल्यावर करायचं तर चौकट उखडावी लागते, लादी फुटते, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग हलतं.

दारापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर हा त्याहून दुर्लक्षित भाग. कपड्याच्या कपाटाची खोली 22 ते 24 इंच असते. दार कोपऱ्यापासून 26 इंच सोडून काढलं तर त्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत कपाट उभं राहतं. दार कोपऱ्याला चिकटून काढलं तर तिथे कपाट बसत नाही, पण दाराच्या दुसऱ्या बाजूला लांब सलग भिंत मिळते. दार कोपऱ्यापासून फूटभर सोडून काढलं तर दोन्ही गेलं, आणि बिल्डरांच्या नकाशांत ते नेमकं तसंच दिसतं. 10 बाय 11 च्या खोलीत एका भिंतीला मुख्य दार, दुसरीला स्वयंपाकघराची वाट, तिसरीला बाथरूम आणि चौथीला खिडकी असली की सव्वासहा फूट सलग भिंत कुठेच उरत नाही. दिवाण 6 फुटांचा असतो, त्यामुळे तो वाटेत येतो आणि घर अडगळीचं दिसू लागतं. त्या घरातल्या बाईला वर ऐकावं लागतं की तिला घर नीट लावता येत नाही. दोष तिचा नसतो.

घर विकत घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेरा या 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्यात कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळाची, व्याख्या आहे. तिच्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरलेली नाही, पण आतल्या भिंतींखालची जागा धरलेली आहे. आतमध्ये 5 इंची भिंत 25 फूट लांब असेल तर 10 चौरस फूट कार्पेट विटांखाली गेलं. म्हणून आतली प्रत्येक भिंत खरंच हवी का, हे विचारायला हवं. झोपायच्या जागेला आडोसा हवाच, पण तो भिंतीऐवजी 16 इंची दुतर्फी कपाटानेही होतो, आणि मग तीच जागा सामानालाही मिळते.

हे सगळं बांधकामाआधीच का ठरवायचं, याचं कारण आता आधीपेक्षा मोठं आहे. मुंबई-ठाण्यातल्या अनेक उंच इमारती मायवान पद्धतीने उभ्या राहतात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. या भिंती इमारतीचा भार घेतात. विटेच्या भिंतीसारखी खाच मारून त्यात नवीन वायर घालता येत नाही. मारली तर सळई उघडी पडते, गंजते, फुगते आणि काही पावसाळ्यांनी काँक्रीट सुटू लागतं. म्हणजे प्लगची जागा, एसीच्या पाइपचं भोक, वॉशिंग मशीनच्या पाण्याचा निचरा, एक्झॉस्ट फॅनचं वर्तुळ, हे सगळं ओतण्याआधी साच्यात बसवलेलं असावं लागतं. 300 फुटांच्या घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर आणि इंडक्शन यांना स्वतंत्र प्लग हवेत; त्यातले गीझर, मशीन आणि इंडक्शन 16 अँपिअरचे. पलंग जिथे येणार तिथे दोन्ही बाजूंना जमिनीपासून 2 फुटांवर एकेक, ओट्यावर किमान तीन, आणि मुख्य दाराजवळ राउटरसाठी एक. पलंग कुठे येणार हे नकाशात नसेल तर ही यादी करताच येत नाही. मग वीजवाला आपल्या सवयीने प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक बोर्ड काढतो आणि नेमका तोच पुढे कपाटामागे जातो.

आता वाळणाचा प्रश्न. लहान घरांच्या चर्चेत तो कुणी काढत नाही, आणि मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात सगळ्यात जास्त छळतो तो हाच. 4 किलो कोरडे कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत 2 ते अडीच लिटर पाणी उरतं. कपडे आत वाळले की ते सगळं पाणी हवेत जातं आणि घरातल्या सगळ्यात थंड भिंतीवर, म्हणजे बहुधा बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे जमतं. काळी बुरशी तिथूनच सुरू होते. लोक खिडकीला पेटीसारखी जाळी करून त्यात कपडे घालतात. ती अनेक सोसायट्यांना चालत नाही आणि आग लागली तर बाहेर पडायची वाटही अडवते. खरा उपाय 3 फूट खोलीची वाळणाची बाल्कनी, तीही 300 फुटांच्या बाहेर धरलेली. ती नसेल तर कप्पीच्या दोरीवर वरखाली होणाऱ्या नळ्यांचं वाळण छताला लावावं. 6 फुटांच्या सहा नळ्या म्हणजे 36 फूट दोरी. दीड ते तीन हजारांत काम होतं. जागा निवडताना ते खिडकीजवळ आणि पंख्याच्या पात्यांपासून हातभर लांब हवं. मधोमध लावलं तर कपडे खाली सोडल्यावर घरात फिरता येत नाही. त्याच्या जोडीला बाथरूमचा 6 इंची एक्झॉस्ट तासभर चालू ठेवायचा आणि बाथरूमच्या दाराखाली पाऊण इंच फट ठेवायची. फट नसली तर पंखा नुसता फिरतो, हवा ओढायला त्याला वाटच नसते.

हवेचा प्रश्न सौंदर्यापाशी थांबत नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम 3 मीटरवर उभ्या केल्या. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांबरोबर केलेल्या पाहणीत अशा दाटीच्या, उजेड-वारा न पोचणाऱ्या घरांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. तिथे कितीही सुंदर पडदे लावा, घर चांगलं होणार नाही. चाळीत संडास सामाईक होते, खोल्या कोंदट होत्या, त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तरी अनेक चाळींत खोलीला एका अंगाला गॅलरी आणि दुसऱ्या अंगाला खिडकी होती, वारा आरपार जायचा. आजच्या मधल्या कॉरिडॉरच्या इमारतीत खिडकी एकाच बाजूला. मुख्य दाराबाहेर जाळीचं सेफ्टी डोअर लावून संध्याकाळी आतलं दार उघडं ठेवणं एवढंच रहिवाशाच्या हातात उरतं.

ताबा आधीच मिळालेला असेल तर? मग पैसे कोणत्या क्रमाने घालायचे ते महत्त्वाचं. पहिले आठ-दहा दिवस काही करू नये. गाद्या घालून राहावं आणि खडूने जमिनीवर सामानाची चौकट काढावी. एका माणसाला जायला 2 फूट, रोजच्या वाटेला अडीच, कपाटापुढे उभं राहायला किमान 2 फूट. खडूच्या रेषेवर पाय पडतोय का, हे दोन दिवसांत कळतं. दिवाण 6 बाय 3 चा हवा की 6 बाय 4 चा, याचा निकाल दुकानात लागत नाही, तो इथे लागतो.

पहिला खर्च ओल थांबवण्यावर करावा. भिंतीला पापुद्रे सुटत असतील किंवा वरच्या बाथरूमचा डाग दिसत असेल तर त्यावर रंग किंवा पॅनेल लावणं म्हणजे पैसे पाण्यात. घर विकत घेतलेलं असेल तर रेराखाली ताब्यापासून 5 वर्षांच्या आत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तो लेखी कळवावा, फोटो जोडावेत. पीओपीची खोटी छतं अशा घरात नकोतच. 9 फुटांच्या छतातले 4 ते 6 इंच जातात, पंखा डोक्याशी येतो आणि गळती सुरू झाली तरी छत काळं पडेपर्यंत दिसत नाही.

दुसरा खर्च कपाटावर. इथे एक सवय मोडायला हवी. आपल्याकडचे बरेचसे कपडे घडीचे असतात: साड्या, चादरी, रोजचे शर्ट, मुलांचे कपडे. घडीला 16 इंच खोली पुरते. 24 इंची कपाट हवं ते हँगरच्या कपड्यांना, आणि त्याला अडीच फूट रुंदी बस झाली. 6 फूट लांबीचं कपाट 24 ऐवजी 16 इंच केलं तर 4 चौरस फूट जमीन सुटते. जिथे भाव 25,000 रुपये फूट आहे तिथे ही एक लाखाची जमीन आहे, आणि कपाटाचं प्लायही कमी लागतं. उंची मात्र छतापर्यंत न्यावी. वरच्या 2 फुटांत गणपतीचं सामान, जादा गाद्या, बॅगा जातात. मधे फट ठेवली तर तिथे धूळ आणि खोकी जमतात आणि ती खोकी दारातूनच दिसतात. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवायचं असेल तर मागे इंचभर जागा सोडावी.

लाकूडकामाच्या साहित्याच्या बाबतीत, ओट्याखाली आणि बाथरूमच्या भिंतीला पार्टिकल बोर्ड कधीही नको. एकदा पाणी लागलं की कडा फुगते आणि बिजागरीचा स्क्रू सुटतो. तिथे 710 क्रमांकाच्या भारतीय मानकाचं, पाणी सोसणारं प्लाय घ्यावं, बाकी कोरड्या जागी 303 चालतं. 18 मिलिमीटरच्या फळीला 3 फुटांवर आधार हवाच, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने ती वाकते. पण ओट्याखाली सगळ्यात स्वस्त, टिकाऊ आणि मला सर्वांत देखणं वाटणारं काम म्हणजे कडप्प्याचे कप्पे. त्याला वाळवी नाही, फुगणं नाही, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. पुढे फक्त साध्या चौकटीची दारं लावावीत. सिलिंडर आत ठेवणार असाल तर त्या दाराला खाली-वर जाळी हवी; गळती झाली तर गॅस जमिनीलगत साठतो, बंद खणात तो साठू देणं घातक आहे. पाइपचा गॅस घेतला की तो खण डब्यांना मोकळा होतो.

भिंतीला काही टांगण्याआधी भिंत ओळखावी. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, कडक करडी आली तर काँक्रीट, आणि बिट जोर न लावता आत जाऊन पांढुरकी भुकटी आली तर हलका एएसी ब्लॉक. या ब्लॉकमध्ये साधा रावळ प्लग काही महिन्यांत सैल होतो आणि डब्यांनी भरलेली फळी एक दिवस खाली येते. त्याला लांब नायलॉनचा खास प्लग किंवा केमिकल अँकर लागतो. भिंतीत मिटणारा पलंग तर ब्लॉकच्या भिंतीवर लावूच नये.

या मिटणाऱ्या, घडीच्या, सरकणाऱ्या फर्निचरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. व्हिडिओत ते सुंदर दिसतं. घरात मात्र रोज सकाळी तो पलंग कोण मिटणार, हा प्रश्न असतो. पिस्टनचा पलंग बंद असताना भिंतीपासून दीड फूट पुढे येतो, त्याच्यापुढची जमीन रात्री मोकळी लागते, आणि रात्रपाळीवरून आलेला माणूस दिवसा झोपणार असेल तर तो उघडाच राहतो. फार जाड गादी त्यात बसतही नाही. त्यापेक्षा 3 फुटी दिवाणाखाली दुसऱ्या गाद्यांचा सरकता खण, आणि भिंतीला बिजागरीने लावलेलं 2 बाय अडीच फुटांचं टेबल हे निम्म्याहून कमी पैशात होतं. हलवायचं फर्निचर घेताना एकच कसोटी: घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला ते एका हाताने हलवता आलं पाहिजे.

देखणेपणाला एवढं झालं की फार कमी लागतं. भिंती आणि छत एकाच फिकट रंगात, लाकडाचा एकच पोत घरभर, पडद्याची दांडी खिडकीवर न लावता छताशी. मधोमध एक ट्यूब लावून सगळीकडे पांढरा झोत टाकण्यापेक्षा ओट्यावर एक, झोपायच्या जागेशी एक, कपाटाशी एक असे 9 वॅटचे पिवळसर दिवे लावावेत. त्याने घर सपाट दिसत नाही आणि जिथे काम नाही तिथे अंधार ठेवता येतो. रंग आणायचा तो कापडातून आणावा: सोलापुरी चादर, खणाच्या उशा. ते धुता येतात, बदलता येतात, भिंतीला भोक पडत नाही. अकरा महिन्यांच्या भाड्याच्या घरात तर हेच एक करण्यासारखं आहे.

सामानासकट नकाशाच्या मागणीवर दोन आक्षेप येतात. एक, खर्च वाढेल. दारं दोन फूट सरकवण्याला, प्लग योग्य जागी काढण्याला जवळपास काहीच खर्च नाही. वाळणाच्या बाल्कनीला आहे, आणि तो विक्रीच्या घरांतून निघणाऱ्या नफ्यातून करणं योग्यच आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लोकांना जागा वाढवून हवी असताना दारं-खिडक्यांवर बोलणं म्हणजे त्यांची मागणी बारीक करणं. असं होऊ नये ही काळजी खरी आहे. पण जागा वाढण्याचा निर्णय मंत्रालयात होतो आणि वर्षं लागतात. दार कुठे हवं याचा निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, याच वर्षी होऊ शकतो. एकाने दुसरं अडत नाही.

नकाशा 1:50 मापाचा मागावा. त्यात 6 बाय 4 चा एक झोपायचा पलंग, 6 बाय 3 चा दिवाण, दोन कपाटं, फ्रिज, 2 फूट रुंद वॉशिंग मशीन आणि वाळण काढलेलं असावं, प्रत्येक दाराचं फिरणं रेषेने दाखवलेलं असावं, प्लगची उंची लिहिलेली असावी. सोसायटीने नेमलेल्या सल्लागाराची त्यावर सही घ्यावी आणि तो विकासकाबरोबरच्या कराराला परिशिष्ट म्हणून जोडावा, नुसता सभेत दाखवून परत नेऊ देऊ नये. पहिल्या राहत्या मजल्याचे साचे लागले की काँक्रीट ओतण्याआधी दोन सभासदांनी टेप आणि हा नकाशा घेऊन दारांची अंतरं व प्लगचे डबे मोजून यावेत, कारण तेच साचे पुढे वरच्या प्रत्येक मजल्याला लागणार असतात.